दम धरण्याची सवय थंड समुद्रात घात करते

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत परदेशी शिकायला गेलेल्या विदर्भातील विद्यार्थ्यांविषयी जो लेख आला, त्यात आमच्या भागातील एका मुलाच्या स्कॉटलंडमधील स्कुबा डायव्हिंगचे, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहण्याचे, छायाचित्र होते. गावच्या तलावात लहानपणापासून पोहलेल्याला समुद्राचे भय कसले, अशा आशयाचे एक वाक्यही त्या लेखात होते. मुलाचा अभिमान मलाही वाटला. ते वाक्य मात्र मला स्वस्थ बसू देत नाही, कारण आमच्याकडच्या अनेक घरांत ते खरे मानले जाते आणि थंड, भरती-ओहोटीच्या समुद्रात त्याच समजुतीने जीव जाऊ शकतो.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झालो. मी ढिवर समाजातला आहे. पाण्याशी आमच्या घराचे नाते पिढ्यांचे आहे. माझी पुतणी पश्चिम स्कॉटलंडमधील ओबान या बंदराच्या गावी सागरी विज्ञान शिकते आणि तिथल्या डायव्हिंग क्लबात रीतसर शिकून आता समुद्रात उतरते. तिच्या पाठ्यपुस्तकातली गणिते आम्ही दोघांनी फोनवर बसून सोडवली आहेत, आणि त्यातून जे मला समजले ते आपल्या वाचकांपर्यंत, विशेषतः ज्यांची मुले शिष्यवृत्ती घेऊन तिकडे निघाली आहेत अशा आई-वडिलांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या भागात पाण्यातला पटाईत माणूस म्हणजे दमाचा माणूस. नवेगावबांध, इटियाडोह किंवा गावोगावच्या मालगुजारी तलावांच्या पाळीवर वाढलेला मुलगा तळाशी अडकलेले जाळे सोडवायला किंवा तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे तोंड, उघडायला श्वास रोखून बुडी मारतो, आणि जितका वेळ तो दम धरील तितकी त्याची वाहवा होते. स्कुबा डायव्हिंगचा पहिला नियम याच्या अगदी उलट आहे: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. या उलटेपणामागे शाळेत शिकवला जाणारा बॉइलचा नियम आहे: दाब वाढतो तशी हवा आवळते, दाब कमी होतो तशी ती फुगते. समुद्राच्या पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर तो काठावरच्या दुप्पट होतो. काठावर छातीत भरून घेतलेली हवा १० मीटर खाली निम्म्या जागेत आवळली जाते आणि वर येताना पुन्हा मूळच्या आकाराची होते, त्यामुळे दम धरून बुडी मारणाऱ्याचे फुप्फुस वर येताना फाटत नाही. सिलिंडर पाठीवर असलेल्याची गोष्ट निराळी आहे. त्याचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरला जोडलेले आणि तोंडात धरायचे श्वासाचे उपकरण, त्याला आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो, म्हणजे १० मीटरवर त्याच्या छातीत काठावरच्या मानाने दुप्पट हवा असते. ती हवा कोंडून तो वर आला तर ती फुगत दुपटीची होऊ पाहते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. फुप्फुसाच्या नाजूक पिशव्या फाटून हवा रक्तात शिरू शकते आणि थेट मेंदूपर्यंत जाऊ शकते. यासाठी खोल समुद्रही लागत नाही. सव्वा-दीड मीटर वर येतानाही असे घडू शकते, आणि ते साध्या पोहण्याच्या तलावातही घडू शकते.

आता विचार करावा की आपला मुलगा पाण्याखाली घाबरला तर काय करील. बालपणापासून शरीर जे शिकले आहे तेच तो करील: तोंड मिटील, दम धरील आणि वर झेप घेईल. म्हणूनच चांगला पोहणारा मुलगा डायव्हिंगला अर्धा तयार असतो हे म्हणणे मला मान्य नाही. पाण्याची भीती नसणे ही त्याची खरी कमाई आहे. पण त्याला जे नव्याने शिकायचे आहे त्याहून अवघड काम अंगात मुरलेले विसरण्याचे आहे, आणि ते एका दुपारच्या शिकवणीत होत नाही. ओबानच्या क्लबात माझ्या पुतणीला पोहण्याच्या तलावात आठवड्यामागून आठवडे हेच करावे लागले: मास्कमध्ये पाणी भरू द्यायचे आणि नाकाने हवा सोडून ते बाहेर काढायचे, रेग्युलेटर तोंडातून काढून परत घ्यायचा आणि तोंडात तो नसेल त्या प्रत्येक क्षणी ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. शिक्षक डोळ्यांनी ते बुडबुडे पाहत असत. बुडबुडे थांबले की पाठ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

दुसरी गोष्ट थंडीची. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर तापणाऱ्या प्रदेशात वाढलेल्या आपल्या मुलांना गार पाणी म्हणजे सुख वाटते. ओबानभोवतीचा समुद्र मार्चच्या सुमारास ७-८ अंशांवर असतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे वर्षातल्या सर्वांत उबदार काळात, १३-१४ अंशांपर्यंत पोहोचतो. समुद्र हळू तापतो आणि हळूच निवतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत तिकडे छान ऊन पडते, किनाऱ्यावर माणसे फिरू लागतात, तेव्हा पाणी मात्र अजून हिवाळ्यातलेच असते. नवख्याला फसवणारा काळ तोच. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. १५ अंशांहून गार पाण्यात संरक्षक पोशाखाशिवाय एकदम उतरणाऱ्याला जो पहिला धक्का बसतो त्यात इच्छा नसताना मोठा श्वास आत ओढला जातो, मग श्वास धापेसारखा चालतो, नाडी आणि रक्तदाब चढतात. त्या पहिल्या श्वासाला तोंड पाण्याखाली असले तर पाणीच आत जाते. ही अवस्था दोन-तीन मिनिटांत ओसरते. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत हातापायांचे बळ जाते, बोटे बटण दाबू शकत नाहीत, पट्टा सोडवू शकत नाहीत. सगळे शरीर थंड पडून माणूस गळून जायला त्याहून बराच वेळ लागतो. म्हणजे थंड पाण्यात माणसे गारठून मरण्याआधी श्वास हरवून आणि हात गमावून बुडतात, आणि त्यांत उत्तम पोहणारेही असतात. ब्रिटनमधील १८२४ पासून काम करणारी समुद्री बचाव संस्था आरएनएलआय लोकांना हेच सांगते की अचानक थंड पाण्यात पडलात तर पोहण्याची धडपड करू नका, पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात येऊ द्या, मग पुढचे पाहा. आमच्याकडे पडल्याबरोबर हात मारायला शिकवतात. तिकडे जाणाऱ्या मुलाला, तो डायव्हिंग करो न करो, ही एक गोष्ट घरूनच शिकवून पाठवली पाहिजे.

थंड पाण्याची सवय होते, हे दिलासा देणारे आहे. थोडा थोडा वेळ, पुन्हा पुन्हा, कुणाच्या नजरेखाली उतरल्यास पहिला धक्का बराच कमी होतो. पण डायव्हिंगसाठी तेवढे पुरत नाही, पोशाख लागतो. तिकडे बहुतेक जण ड्रायसूट वापरतात. मान आणि मनगटाशी लॅटेक्सच्या घट्ट कडा असतात, आत जाड उबदार कपडे घालायचे असतात, आणि छातीवरच्या झडपेतून आत हवा घ्यायची व डाव्या दंडावरच्या झडपेतून ती सोडायची असते. पोशाख कोरडा ठेवतो, पण तो शिकल्याशिवाय घालणे धोक्याचे आहे, कारण आतली हवाही बॉइलच्याच नियमाने वागते. वर येताना ती फुगते. डोके खाली आणि पाय वर झाले तर सगळी हवा पायांकडे धावते, दंडावरची झडप निरुपयोगी होते आणि माणूस पायांच्या बाजूने वर खेचला जातो, तोही न थांबता. यावर उपाय आहे: गुडघे पोटाशी घेऊन अंग गोळा करायचे, कोलांटी घेत डोके वर आणायचे आणि दंड उंच करून हवा सोडायची. वाचायला हे एक वाक्य आहे. जड पोशाखात, पाठीवर सिलिंडर असताना ते हातापायांत बसायला पुतणीला कितीतरी संध्याकाळ लागल्या.

थंड पाण्यात रेग्युलेटरही दगा देऊ शकतो. ट्रॅक्टरच्या ट्यूबचा वॉल्व्ह दाबला की सुटणारी हवा बोटाला गार लागते; २०० बारच्या, म्हणजे काठावरच्या हवेच्या सुमारे २०० पट दाबाच्या, सिलिंडरमधून हवा सुटते तेव्हा हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणात घडते. पाणी १० अंशांच्या खाली असेल तर रेग्युलेटरच्या आतबाहेर बर्फ धरू शकतो, झडप उघडीच अडकते आणि हवा धो धो वाहत राहते. भरलेला सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो. पुतणीच्या डायव्हिंगमधल्या जोडीदाराबरोबर हे फेब्रुवारीत, पाण्याने भरलेल्या एका जुन्या दगडखाणीत घडले. समुद्रात नेण्याआधी तिकडे अशा खाणींतच सराव करून घेतात. तोंडाजवळ बुडबुड्यांचा असा लोट उठला की दोघांना एकमेकांचे चेहरे दिसेनात. त्याने पळ काढला नाही. तिने आपला जादा रेग्युलेटर पुढे केला, त्याने तो तोंडात घेतला, दोघांनी एकमेकांच्या खांद्याचे पट्टे धरले आणि नेहमीच्याच संथ गतीने दोघे वर आले. हे त्यांनी आधी कोमट पाण्यात इतक्या वेळा केले होते की थंड पाण्यात निर्णय घ्यावाच लागला नाही. थंड पाण्यासाठी बनवलेला आणि वेळेवर तपासलेला रेग्युलेटर घ्यावा, काठावरच्या गारठ्यात तो उगाच तोंडात धरून श्वास घेऊ नये, बटण दाबून पाहू नये आणि खाली दमछाक होईल असे पोहू नये, या सगळ्या सूचना त्याच कारणाने दिल्या जातात.

आता भरती-ओहोटी. दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या आपल्या मुलांना याचा अनुभव असण्याचे कारणच नाही, म्हणून मी यावर अधिक लिहितो. वैनगंगेच्या पुरात पोहलेल्याला प्रवाह म्हणजे काय ते ठाऊक असते. पण नदीचा प्रवाह दुपारून दिशा बदलत नाही. समुद्राचा बदलतो. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. कोकणातल्या कोळ्यांचा जुना हिशेब असा आहे की तिथीच्या अंकाला तीनाने गुणून चाराने भागावे म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला अकरा-सव्वाअकरा. हा हिशेब सुंदर आहे, पण तो कोकणचा आहे. पौर्णिमेच्या सुमारास ओबानला भरती सकाळ-संध्याकाळी साधारण सहाच्या आसपास येते, आणि तिथून थोड्याच अंतरावरच्या खाडीत आणखी निराळ्या वेळी. प्रत्येक बंदराचे कोष्टक वेगळे असते आणि ते पाहिल्याशिवाय पाण्यात पाय टाकायचा नसतो.

कोष्टकात वेळ आणि उंची मिळते, प्रवाहाचा जोर मात्र समजून घ्यावा लागतो. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांचे जे ढोबळ गणित शिकवले जाते ते असे: पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतके पाणी चढते, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी हलते आणि प्रवाह सर्वांत जोराचा असतो. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असते, तेव्हा हा जोर आणखी वाढतो. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीला तो कमी असतो. ज्या थोड्या वेळात पाणी थांबलेले असते आणि दिशा बदलायच्या बेतात असते, तीच उतरण्याची वेळ. ती भांगाला अधिक रेंगाळते, उधाणाला काही ठिकाणी मिनिटांत संपते. शिवाय ती भरती-ओहोटीच्या छापील वेळेशी जुळतेच असे नाही. ओबानजवळ कॉनेल येथे लॉक एटिव्ह नावाची खाडी अरुंद तोंडाने समुद्राला मिळते. उधाणाच्या ओहोटीत समुद्र इतक्या झपाट्याने उतरतो की खाडीतले पाणी मागे राहते आणि खडकाच्या उंबरठ्यावरून धबधब्यासारखे समुद्रात कोसळते. त्याला फॉल्स ऑफ लोरा म्हणतात. तिथे पाणी केव्हा थांबेल हे केवळ बंदराच्या कोष्टकावरून काढणारा फसतो. त्याच किनाऱ्यावर जुरा आणि स्कार्बा या बेटांमधल्या कॉरीव्रेकन सामुद्रधुनीतला प्रवाह ८ नॉटांच्याही वर जातो, आणि एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. पूर्ण साहित्य अंगावर असलेला धडधाकट माणूस एका नॉटाच्या प्रवाहाविरुद्धही फार वेळ टिकत नाही. वैनगंगा पोहून पार करणाऱ्यालाही हे मान्य करावे लागेल.

यातले अंकगणित मी दहावीच्या मुलांना घालावे असे आहे. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला की त्यात २४०० लिटर हवा असते. ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव ठेवायचेच, उरले १८००. शांतपणे पोहणारा मिनिटाला काठावरच्या मापाने २० लिटर हवा घेतो असे धरले तर २० मीटर खोलीवर, जिथे दाब तिप्पट असतो, त्याला मिनिटाला ६० लिटर लागतात. म्हणजे अर्धा तास. थंडीने कुडकुडत किंवा प्रवाहाशी झगडत त्याचा श्वास दुप्पट झाला की तोच सिलिंडर पंधरा मिनिटांचा होतो. उरलेली हवा दाखवणाऱ्या मीटरकडे न पाहणाऱ्या नवख्याला हे वर येण्याच्या वेळी कळते, आणि त्या वेळी प्रवाहाने त्याला बोटीपासून दूर नेलेले असते. म्हणून शिकलेला माणूस वर येण्याआधी दोरीला बांधलेला केशरी रंगाचा लांब फुगा वर सोडतो, तो पाहून बोट त्याच्याकडे येते. बोट दूर असेल तर तिच्यामागे पोहायचे नाही. अंगावरचे हवा भरायचे जॅकेट फुगवून जोडीदाराला धरून तरंगत राहायचे असते.

वर येण्याची गती मिनिटाला ९-१० मीटरांहून अधिक नसावी आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे, असे आज बहुतेक ठिकाणी शिकवतात. दाबाखाली रक्तात आणि मांसात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून हे करायचे. घाई केली तर त्याचे बुडबुडे होतात. टप्प्याटप्प्याने वर येण्याचे पहिले शास्त्रीय कोष्टक जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली प्रसिद्ध केले. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दाबाचे आणि थंडीचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले. तेच पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आमच्या शाळांत त्यांचे नाव जनुकशास्त्रापुरते घेतले जाते, याचे मला वाईट वाटते. थंडीचा संबंध असा की खाली काम करताना अंग गरम असते तेव्हा नायट्रोजन भराभर शोषला जातो, आणि वर येताना अंग गार पडले की तो सावकाश बाहेर पडतो. त्यामुळे थंड पाण्यातली बुडी कोष्टक परवानगी देईल त्याहून आखूडच ठेवावी, वर आल्याबरोबर कढत पाण्याने अंघोळ करू नये आणि विमानात बसण्याआधी पूर्ण दिवस जाऊ द्यावा. सुट्टीला गावी येणाऱ्या मुलांनी शेवटची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

वर आल्यावर सांध्यात दुखणे, मुंग्या येणे, कातडीवर डाग उमटणे, पाय लटके पडणे, नेहमीपेक्षा वेगळा थकवा वाटणे, यांतले काहीही झाले तर ते त्याच बुडबुड्यांचे लक्षण असू शकते, म्हणून लगेच बोलून दाखवायचे असते. शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो, ९९९ वर तटरक्षकांना किंवा बोटीवरून व्हीएचएफ या बिनतारी संचाच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर कळवावे लागते, आणि दाबकक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत, उपचार करावे लागतात. आपली मुले दुखणे अंगावर काढतात, परक्या देशात कुणाला त्रास नको म्हणून गप्प बसतात. तिकडे कुणी त्याला त्रास मानत नाही, हे घरच्यांनी त्यांना आवर्जून सांगावे.

आता जी गोष्ट आमच्या जिल्ह्यांनाच लागू आहे ती सांगतो. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. या आजारात थंडी, शरीरातले पाणी कमी होणे आणि ऑक्सिजनची कमतरता यांनी तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. थंड पाण्यातल्या डायव्हिंगमध्ये यांतले बरेच काही एकत्र भेटू शकते. ज्याला हा आजार आहे त्याने स्कुबा डायव्हिंग करू नये. जो फक्त वाहक आहे त्याच्यावर सरसकट बंदी नाही, पण त्याने डायव्हिंगची जाण असलेल्या डॉक्टरचा सल्ला घेतल्याशिवाय उतरू नये. ब्रिटनमधल्या बहुतेक क्लबांत उमेदवार स्वतःच प्रकृतीचा अर्ज भरतो. तिकडच्या सामान्य डॉक्टरला आपल्या मुलाच्या रक्ताची शंका येईलच असे नाही, आणि मुलाला स्वतःला आपण वाहक आहोत की नाही हे माहीत नसेल तर तो अर्जावर प्रामाणिकपणे 'नाही' लिहील. ही तपासणी आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत होते. जाण्यापूर्वी ती करून अहवाल सोबत द्यावा. दमा, फिट येणे, कानाच्या पडद्याचे जुने छिद्र, हृदयाचा कुठलाही दोष, यांचीही हीच गोष्ट. शिष्यवृत्ती जाईल या भीतीने काही घरे आजार लपवतात. क्लबाच्या अर्जाचा शिष्यवृत्तीशी काहीही संबंध नाही.

हे सगळे वाचून एखादी आई म्हणेल की मग जाऊच नये समुद्रात. माझे मत तसे नाही. बंदी घातली की मुले घरी न सांगता जातात, आणि न सांगता जाणारा मुलगा बहुधा स्वस्तातली बोट, उसने साहित्य आणि अनोळखी जोडीदार घेऊन जातो. त्यापेक्षा घरच्यांनी विचारपूस करावी. कोणत्या क्लबात शिकतोस, शिक्षक कोण आहे, तलावातला सराव संपला का, खाणीतला झाला का, आज उतरण्याची वेळ कशी ठरवली, किनाऱ्यावर तुमची वाट पाहणारे कोण आहे. समुद्र न पाहिलेल्या माणसालाही हे प्रश्न विचारता येतात, आणि उत्तर देताना मूल अडखळले तर घरच्यांना ते फोनवरही कळते. ब्रिटनमध्ये १९५३ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब (बीएसएसी) या डायव्हिंग संस्थेच्या शाखा अनेक विद्यापीठांत आहेत. तिथे साहित्य बहुधा क्लबाचे मिळते आणि वरच्या वर्गातली मुलेच शिकवतात. सप्टेंबरात गेलेल्याने हिवाळाभर तलावात आणि मग खाणीत शिकावे, समुद्रात पुढच्या उन्हाळ्यात उतरावे. एवढा वेळ लागणे योग्यच आहे.

ज्यांना जाण्याआधी ओळख करून घ्यायची आहे त्यांच्यासाठी आपल्याच राज्यात तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि तिथे रीतसर शिकणे निश्चितच उपयोगाचे आहे. मालवणला प्रशिक्षक हात धरून जी पाऊण तासाची सैर घडवतो ती मात्र शिक्षण नव्हे. रीतसर मिळालेले प्रमाणपत्रसुद्धा ज्या प्रकारच्या पाण्यात घेतले त्याच प्रकारच्या पाण्यापुरते धरायचे असते. कोमट, शांत पाण्यात १८ मीटरपर्यंत उतरण्याचे कार्ड मिळाले म्हणून स्कॉटलंडच्या पाण्यात त्याच खोलीवर जाता येते असे नाही. तिकडे ड्रायसूटसकट पुन्हा वेगळे शिकावे लागते.

माझ्या पुतणीच्या क्लबातला एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. कोणीही, केव्हाही, अगदी पाण्याखाली असतानासुद्धा अंगठा वर करून बुडी थांबवू शकतो आणि त्याला कारण विचारले जात नाही. (पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. 'ठीक आहे' म्हणायला तर्जनी आणि अंगठ्याचे वर्तुळ करतात. नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.) गेल्या वसंतात तिने मला कळवले, "मोठे बाबा, बोटीचे पैसे गेले, पण आज मी नाही उतरली. वारा नि प्रवाह आमनेसामने होते, अन् छातीत धडधडत होतं." शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या पैशांतून ते भाडे भरलेले होते आणि बाकीचे सगळे उतरणार होते. एवढ्या दूर, इतक्या अनोळखी माणसांत नाही म्हणायला किती बळ लागते हे गरिबाघरच्या मुलांना ठाऊक असते. पैसे भरले म्हणून उतरू नकोस, वाया गेले तर आम्ही पाठवू, हे शब्द त्यांना आधीच घरून मिळालेले असले पाहिजेत.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. परदेश शिष्यवृत्तीच्या निवडीनंतर गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर येथील महाविद्यालयांत जी मार्गदर्शन शिबिरे होतात त्यांत व्हिसा, कपडे, बँक खाते यांविषयी सांगितले जाते. थंड पाणी, भरतीचे कोष्टक आणि सिकलसेलचा अहवाल यांविषयीही सांगितले जावे, यासाठी आपण आपल्या स्तंभातून आग्रह धरावा. आणि जमल्यास डायव्हिंगच्या प्रकृतीच्या अर्जात जे प्रश्न असतात ते आपल्या पुरवणीत मराठीत छापावेत, म्हणजे घराण्यात कुणाला काय आजार होता हे आजी-आजोबांना विचारून मुलांना निघण्याआधी लिहून घेता येईल. सप्टेंबरात जाणाऱ्यांची तयारी जुलैत सुरू होते, तेव्हा हे जूनअखेरपर्यंत छापून आले तर या वर्षीच्या मुलांना उपयोगी पडेल.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया